आवाज आवरून गाणं: एटा जेम्सचा 'मिस्टरी लेडी'

१९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं अमेरिकन सोल गायिका एटा जेम्सला आपल्या यादीत घेतलं. असा सन्मान झाला की रेकॉर्ड कंपन्या गायकाकडे बहुधा एकच गोष्ट मागतात: जुनीच गाजलेली गाणी नव्यानं रेकॉर्ड करायची, आणि जमलं तर दोन-चार तरुण स्टार सोबतीला घ्यायचे. एटानं पुढच्या वर्षी काढला तो जॅझ गायिका बिली हॉलिडेशी जोडलेल्या अकरा गाण्यांचा अल्बम, 'मिस्टरी लेडी'. त्यात तिचं स्वतःचं गाजलेलं एकही गाणं नाही, पाहुणा गायक नाही, आणि लोक जिच्यासाठी तिला ऐकायला यायचे ती गर्जनाही जवळजवळ नाही. १९९५ साली या अल्बमला जॅझ गायनाचा ग्रॅमी मिळाला. पहिली हिट देऊन चाळीस वर्षं झाल्यावर तिचा हा पहिला ग्रॅमी, आणि तोही अशा प्रकारात, जिथे तिचं नाव कुणी घेत नसे.

याला 'पुनरागमन' म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. तिचं पुनरागमन १९८८ मध्येच झालं होतं, 'सेव्हन इयर इच' या अल्बमनं, आणि तो पूर्णपणे तिच्या ओळखीच्या ठसक्यातला सोल अल्बम होता. १९९४ मध्ये ती परतत नव्हती, दुसरीकडेच निघाली होती. छप्पन्नाव्या वर्षी, आवाज अजून शाबूत असताना, तो निम्म्यानं वापरायचा निर्णय कुणी का घेतं आणि तो निभतो कसा, हा या प्रकरणातला खरा प्रश्न.

आवाज कुठून आला

जेमसेटा हॉकिन्सचा जन्म २५ जानेवारी १९३८ चा, लॉस एंजेलिसचा. आई डोरोथी तेव्हा अवघी चौदा वर्षांची, बाप कोण ते कधी ठरलंच नाही. मुलगी वाढली पालक-आईबापांकडे. पाचव्या वर्षापासून ती सेंट पॉल बाप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात रमली, आणि तिथले प्रोफेसर जेम्स अर्ल हाइन्स तिचे पहिले गुरू. त्यांची तऱ्हा कडक होती: गाताना ते पोरीच्या छातीवर ठोसा मारायचे, आवाज गळ्यातून नाही, पोटातून यायला हवा म्हणून. घरी आणखी निराळं. पालक-बाप सार्ज रात्री पत्त्यांचा अड्डा जमला की दारूच्या नशेत तिला झोपेतून उठवून गायला लावायचा. पुढे आयुष्यभर कुणी 'गा' म्हटलं की तिच्या कपाळावर आठी यायची, तिचं मूळ इथे असल्याचं तिनंच सांगून ठेवलंय.

चौदाव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बँडलीडर जॉनी ओटिसनं तिला हेरलं. जेमसेटा हे नाव मधून तोडून उलटं जोडलं आणि एटा जेम्स हे नाव त्याचंच. १९५५ मध्ये 'द वॉलफ्लॉवर' हे तिचं गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं. १९६० मध्ये ती शिकागोच्या चेस कंपनीत गेली आणि तिथे 'अ‍ॅट लास्ट' झालं. मुळात हे गाणं १९४१ चं, हॅरी वॉरन आणि मॅक गॉर्डनचं, ग्लेन मिलरच्या बिग बँडसाठीचं. अ‍ॅरेंजर रायली हॅम्प्टननं त्याला व्हायोलिनचा पडदा लावला आणि त्या पडद्यासमोर एटाचा चर्चमध्ये कमावलेला आवाज उभा राहिला. म्हणजे जॅझच्या काळातली जुनी गाणी तिला परकी नव्हतीच. बाविसाव्या वर्षी ती 'स्टॉर्मी वेदर'ही गात होती. फरक एवढाच, की तेव्हा गाणं जुनं असलं तरी मांडणी पॉपची असायची.

नंतरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, म्हणून आटोपती घेतो. १९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सला, फेम स्टुडिओत 'टेल मामा' आणि 'आय'ड रादर गो ब्लाइंड'. मग हेरॉइन, खोटे चेक, कोर्ट. १९७४ पासून सतरा महिने टार्झानाच्या मनोरुग्णालयात. १९७८ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात आधी गाण्याचं काम. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात गाणं. १९८८ मध्ये पुन्हा एकदा व्यसनमुक्ती, या वेळी बेटी फोर्ड सेंटरमध्ये.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा सुटते. मे १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'मार्लाज मेमरी लेन' या क्लबात तिनं ब्लूज गायक एडी 'क्लीनहेड' व्हिन्सनबरोबर जे गायलं, ते फँटसी रेकॉर्ड कंपनीनं दोन रेकॉर्डमध्ये काढलं. त्या बैठकीत सॅक्सोफोनवर रेड हॉलोवे होता. आठ वर्षांनी 'मिस्टरी लेडी'त तोच माणूस पुन्हा दिसतो. तेव्हा हा अल्बम कंपनीच्या कुठल्या हुशार अधिकाऱ्याला अचानक सुचला असं म्हणता येणार नाही. ती आधीपासून त्या दिशेनं सरकत होती, कुणाचं लक्ष नव्हतं इतकंच.

आईचं संगीत

डोरोथी हॉकिन्स जॅझची शौकीन आणि बिली हॉलिडेची भक्त. स्वतः नटूनथटून क्लबात जाणारी, मुलीच्या आयुष्यात मनात येईल तेव्हा उगवणारी आणि पुन्हा गायब होणारी. एटा तिला 'मिस्टरी लेडी' म्हणायची. अल्बमच्या नावातली बाई म्हणून दोन आहेत, आणि मुखपृष्ठावर बिलीचं नाव छापलं असलं तरी आधीची बाई आईच.

१९५० मध्ये पालक-आई मामा लू वारली, तेव्हा डोरोथीनं बारा वर्षांच्या मुलीला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर भागात नेलं. तिथे घरात जॅझच्या रेकॉर्डी लागायच्या. मुलीनं नेमकं उलटं केलं. आईला जे सुसंस्कृत वाटायचं ते सोडून रस्त्यावरचं, गल्लीतल्या पोरांचं रिदम अँड ब्लूज उचललं. बंड करायचं तर आईच्या आवडीविरुद्धच करायचं, हे वयाला धरून होतं. पुढे लेखक डेव्हिड रिट्झच्या साथीनं लिहिलेलं तिचं आत्मचरित्र १९९५ मध्ये आलं, त्यात या मायलेकींच्या नात्याला मोठी जागा आहे. अल्बम आणि आत्मचरित्र पाठोपाठ आले हे मला योगायोगाचं वाटत नाही.

आता हे सांगून झाल्यावर सावध राहायला हवं. 'मुलीनं अखेर आईशी समेट केला' ही गोष्ट इतकी गोंडस आहे की अल्बम न ऐकताही ती सांगता येते. आईच्या आवडीची गाणी निवडली म्हणून कुणाला चांगलं गाता येत नाही. अल्बम ज्यामुळे उभा राहिला ते निर्णय साधे, व्यावसायिक आणि बरेचसे वाद्यवृंदाबद्दलचे होते.

माणसं

कंपनी होती प्रायव्हेट म्युझिक. टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या पीटर बाउमाननं १९८४ मध्ये न्यू एज संगीतासाठी काढलेली. ध्यानधारणेच्या पार्श्वसंगीतासाठी ओळखली जाणारी ही कंपनी नव्वदच्या दशकात ब्लूजकडे वळली होती. निर्माता जॉन स्नायडर. त्यानं ऑर्नेट कोलमन, चेट बेकर अशा जॅझच्या लोकांबरोबर काम केलेलं, म्हणजे पॉपच्या बाजारातून आलेला माणूस नव्हे.

पण सगळ्यात महत्त्वाची नेमणूक पियानोवरची. सीडर वॉल्टन, जन्म १९३४, डॅलसचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ड्रमर आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडमध्ये होता. 'बोलिव्हिया' आणि 'मोझेक' या त्याच्या रचना जॅझवाले आजही वाजवतात. अ‍ॅरेंजमेंटही त्याच्याकडेच होती. बिलीच्या शेवटच्या काळातला 'लेडी इन सॅटिन' (१९५८) ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे की बिलीच्या नावाचा अल्बम म्हटला की व्हायोलिनचा ताफा आणायचा मोह होतोच. एटालाही 'अ‍ॅट लास्ट'मुळे तो शोभला असता. वॉल्टननं व्हायोलिनं आणली नाहीत. दोन सॅक्सोफोन (हॉलोवे आणि एडी हॅरिस), एक ट्रंपेट, एक ट्रॉम्बोन, जॉन क्लेटनचा बेस, पॉल हम्फ्रीचे ड्रम, आणि गिटारवर जॉश स्क्लेअर, जो तिच्या नेहमीच्या बँडचा म्होरक्या.

ही जुळवणी नीट पाहिली तर युक्ती कळते. वॉल्टन आणि क्लेटन निखळ जॅझचे. हम्फ्री दोन्हीकडचा, मार्व्हिन गेसारख्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलेला. हॅरिसनं जॅझ वाजवता वाजवता लोकप्रिय हिट दिलेली, म्हणून शुद्धतावाद्यांनी त्याला जरा बाजूलाच ठेवलेलं. हॉलोवे शिकागोच्या ब्लूज बँडांतून वर आलेला. एकाही माणसाला 'सोल गाणाऱ्या बाईला आपण जॅझ शिकवतोय' असं वाटण्याची शक्यता नव्हती. अशा अल्बमांचा घात बहुधा तिथेच होतो. वादक अदबीनं वाजवतात, गायिका अदबीनं गाते, आणि ऐकणारा अदबीनं झोपतो.

नक्कल न करण्याची अडचण

बिली हॉलिडेच्या गाण्याला हात घालणं तेव्हा नवं नव्हतं. डायना रॉसनं १९७२ मध्ये पडद्यावर बिली साकारली होती. अ‍ॅबी लिंकननं १९८७ मध्ये तिची गाणी रेकॉर्ड केली होती. त्यात १९९१ मध्ये नॅटली कोलच्या 'अनफरगेटेबल'नं जुन्या गाण्यांचा बाजार पुन्हा उघडला होता, तेव्हा या वाटेवर गर्दी होतीच.

एटाची अडचण वेगळी होती. बिलीचा आवाज छोटा, पल्ला एका सप्तकाहून थोडाच मोठा. ती मायक्रोफोनच्या जवळ उभी राहून मात्रेच्या किंचित मागे रेंगाळायची आणि अर्थ त्या रेंगाळण्यात असायचा. एटाचा आवाज जाड, खोल, घोगऱ्या धारेचा. तिला बिलीसारखं बारीक गाता येणं शक्य नव्हतं, आणि तिनं प्रयत्नही केला नाही. तिनं घेतलं ते बिलीचं थांबणं. चर्चमधून आलेला गायक ओळ संपताना ती चढवतो, वळवतो, सभेकडून हुंकार मागतो. एटा इथे ओळ संपते तिथेच सोडून देते आणि पुढची जागा वॉल्टनच्या पियानोला मोकळी ठेवते. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गायली तेव्हा बालगंधर्वांचा गळा काढला नाही, आपल्याला उमजलं ते गायलं, आणि काही जुन्या रसिकांना ते रुचलंही नाही. तीच जात आहे ही.

'डोन्ट एक्सप्लेन' घ्या. अल्बम याच गाण्यानं सुरू होतो, आणि अकरांपैकी हे एकच गाणं बिलीनं स्वतः, आर्थर हर्झॉगच्या साथीनं, रचलेलं. बाकीची तिच्या नावाशी जोडली गेलेली, पण लिहिणारे दुसरे: गर्शविन, अर्व्हिंग बर्लिन वगैरे. गाण्यामागची हकिगत प्रसिद्ध आहे. नवरा जिमी मन्रो कॉलरवर लिपस्टिकचा डाग घेऊन घरी आला आणि कारणं देऊ लागला, तेव्हा बिली म्हणाली, स्पष्टीकरण देऊ नकोस. १९४४ च्या रेकॉर्डिंगमध्ये बिली हे म्हणते तेव्हा ती हरलेली आहे. खरं काय ते तिला माहीत आहे, पण ऐकायचं नाही, कारण ऐकलं तर निघावं लागेल. तिचा आवाज जणू समोरच्याला घाबरून हळू झालाय.

एटा तेच शब्द म्हणते आणि नातं पालटतं. तिच्या आवाजात एवढं वजन आहे की गप्प राहा म्हटल्यावर समोरच्यानं गप्पच बसावं. हिनं ठरवलं तर या माणसाला उंबऱ्याबाहेर काढता येईल हे आपल्याला ऐकू येतं, आणि तरी ती काढत नाही. म्हणजे दुःख कमी झालेलं नाही, फक्त लाचारी गेली. गाणं अतिशय संथ आहे. इतक्या संथ लयीत एटासारख्या गायिकेला रिकामी जागा भरून काढायचा मोह प्रत्येक ओळीला होत असणार. ती भरत नाही. ताकद आहे हे माहीत असताना ती न वापरलेली ऐकणं, यातच या गाण्याचा ताण आहे. चोविसाव्या वर्षी 'समथिंग्ज गॉट अ होल्ड ऑन मी' गाणाऱ्या मुलीला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी चेस कंपनीनं करू दिलं नसतं.

'यू'व्ह चेंज्ड'मध्ये दुसरंच काहीतरी घडतं. बिलीनं हे 'लेडी इन सॅटिन'मध्ये गायलं तेव्हा तिचा आवाज तुटलेला होता आणि पुढच्याच वर्षी ती गेली. ते रेकॉर्डिंग ऐकताना गाण्यापेक्षा तिचं शरीर जास्त ऐकू येतं. एटाही हेरॉइनमधून गेलेली, शरीराचे हाल झालेली. पण हे गाताना ती तेव्हाच्या बिलीहून तेरा-चौदा वर्षांनी मोठी आहे, आणि वाचलेली आहे. तिनं ते मोडलेपण उसनं घेतलं असतं तर फार वाईट दिसलं असतं. तिनं गाणं पुन्हा गाण्यासारखं गायलं. मला स्वतःला हे अल्बममधलं सर्वांत अवघड काम वाटतं, जरी लोक नाव 'बॉडी अँड सोल'चं काढतात.

जे घेतलं नाही

गाण्यांच्या यादीत 'स्ट्रेंज फ्रूट' नाही. 'गॉड ब्लेस द चाइल्ड'ही नाही. बिली म्हटलं की सर्वसामान्य श्रोत्याला आधी आठवतात ती हीच दोन. एक १९३९ चं, झाडावर लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं. दुसरं पैशावरून आईशी झालेल्या भांडणातून निघालेलं. आईसाठी केलेल्या अल्बममध्ये दुसरं न घेणं तर विशेषच.

यामागचा हिशोब मी असा लावतो: ही दोन गाणी घेतली असती तर अल्बम बिलीच्या आयुष्यावरचा झाला असता. शोषण, वर्ण, व्यसन, मृत्यू, सगळा चरित्रपट. ही दोन वगळल्यावर उरतात ती प्रेमाची, वाट पाहण्याची, फसवणुकीची गाणी. त्यांत बिली बाजूला होऊ शकते आणि एटा आत येऊ शकते. श्रद्धांजलीचे अल्बम जिथे स्मारक होऊन बसतात तो खड्डा तिनं यादी करतानाच चुकवला. कुणाला हा पळपुटेपणा वाटेल. 'स्ट्रेंज फ्रूट' तिच्या आवाजात कसं झालं असतं याची हुरहुर मलाही आहे. पण अकरा गाण्यांच्या या मंद, बंद खोलीत ते एक गाणं आणलं असतं तर बाकीची दहा फिकी पडली असती.

दोषही आहे आणि तो लपण्यासारखा नाही. जवळजवळ सगळी गाणी एकाच संथपणाची. पाचव्या-सहाव्या गाण्यापाशी कान सुस्तावतो. बिलीचं १९३० च्या दशकातलं काम, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगबरोबरचं, किती खेळकर आणि उडतं होतं! ती बिली इथे कुठेच भेटत नाही. एटासारख्या विनोदी, फटकळ बाईनं तर ती सहज उभी केली असती. वॉल्टननं दोन जागी लय दुप्पट केली असती तर अल्बम आणखी टिकाऊ झाला असता असं माझं मत आहे.

ग्रॅमीनंतर

पुरस्कारानं तिची पाटी बदलली, पण अर्धीच. १९९५ मध्ये वॉल्टनबरोबरच 'टाइम आफ्टर टाइम' आला, २००१ मध्ये 'ब्लू गार्डेनिया'. मधल्या काळात तिनं ब्लूज आणि नॅशव्हिलच्या वळणाचे अल्बमही केले. जॅझची पदवी मिळाली म्हणून तिनं ठसका सोडला नाही. दुसरीकडे बाजार स्वतःच्याच चालीनं चालला होता. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये डाएट कोकच्या जाहिरातीत तिचं साठच्या दशकातलं 'आय जस्ट वाँट टु मेक लव्ह टु यू' वाजलं आणि ते तिथल्या यादीत पहिल्या दहात गेलं. म्हणजे ग्रॅमी छप्पन्न वर्षांच्या बाईला आणि खप बावीस वर्षांच्या मुलीला. पुढचे दोन स्पर्धेतले ग्रॅमी तिला ब्लूजच्या विभागांत मिळाले, 'लेट्स रोल' आणि 'ब्लूज टु द बोन'साठी. रॉकच्या सभागृहात नाव, जॅझचा एक ग्रॅमी, ब्लूजचे दोन. ज्या सोलसाठी जग तिला ओळखतं त्याचा रकाना मात्र रिकामाच राहिला.

बाकी, 'ब्लू गार्डेनिया'च्या शीर्षकगीतात डोरोथी स्वतः गायली आहे. मुलीनं आईला स्टुडिओत आणलं ते 'मिस्टरी लेडी'त नाही, सात वर्षांनी. का, याचं उत्तर मला मायलेकींच्या भावनांपेक्षा व्यावसायिक शहाणपणात दिसतं: पहिल्या अल्बममध्ये आई असती तर परीक्षण त्याचंच झालं असतं.

ऐकायचं असेल तर अल्बम एका बैठकीत संपवू नका. आधी बिलीचं १९४४ चं 'डोन्ट एक्सप्लेन' लावा, लगेच एटाचं. मग १९६० चं 'अ‍ॅट लास्ट' आणि त्यावर इथलं 'द व्हेरी थॉट ऑफ यू'. उरलेली नऊ गाणी दोन रात्रींत विभागली तरी चालतील, आणि वॉल्टनचा पियानो ऐकायला हेडफोन असलेला बरा.